सतरा नंबरचे आजोबा

चहा घ्या, आणि हसायचं तेवढं मोकळेपणाने हसा. कारण माझ्याच पोरीचं लग्न मोडायला मी निघालो होतो. हो, मी! भर अरादमध्ये, व्याह्यांच्या सोफ्यावर बसून!

आमची रीना इथे बहरीनमध्ये नर्स. तिचं जमलं नेल्सनशी. मनाम्यातल्या एका हॉटेलात रिसेप्शनला असतो. मुलगा सोन्यासारखा, त्यातून वसईचा, आमच्याच गावचा. आडनावही आमचंच, लोपीस. आता आमचं अर्धं गाव लोपीस! आडनाव एक असलं तरी चालतं, भावकी वेगळी हवी. भावकीत मात्र आमच्यात लग्न होत नाही.

साखरपुडा शुक्रवारी. मला हुक्की आली, व्याह्यांना दोन्ही घराण्यांची वंशावळ फ्रेम करून द्यायची. मीना सलमानच्या एका गोदामात मी स्टोअर सांभाळतो. आयुष्य रजिस्टरं वाचण्यात गेलं. चर्चचं रजिस्टर काय अवघड?

वसईला माझा पुतण्या अजय आहे. त्याला चर्चमध्ये पिटाळलं. फादरांनी बाप्तिस्म्याचं जुनं रजिस्टर दाखवलं, अजयने अख्ख्या उघड्या वहीचा फोटो पाठवला. अक्षरं मुंगीएवढी! मी म्हटलं, "अरे, डावी बाजू अंधारात गेलीय. उजवं पान तेवढं जवळून काढ."

त्याने काढलं. "काका, सतरा नंबर तुमचे आजोबा. तेवीस नंबर नेल्सनच्या वडिलांचे आजोबा."

सतरासमोर नाव होतं, कायतान लोपीस. तेवीससमोर? कायतान लोपीस!

दोघांचा बाप एकच! म्हणजे रीना आणि नेल्सन एकाच भावकीतले, नात्याने बहीणभाऊ!

माझी बायको फिलू म्हणाली, "अहो, पण दोघांच्या बाप्तिस्म्यात दोनच महिन्यांचं अंतर आहे."

"जुळे असतील. दुसऱ्याला सर्दी झाली असेल, म्हणून नंतर नेला."

"आणि त्याच वर्षी कायतानची अजून सात मुलं?"

"त्या काळची माणसं तगडी होती गं!"

"माणूस असेल हो. बायको कुणाची एवढी तगडी?"

पण मी ऐकतोय कसला! अजयकडून कायतानच्या मृत्युपत्राची झेरॉक्स मागवली. वाडी, विहीर, आंब्याची झाडं, सगळं दोन मुलींच्या नावे. आमच्या आजोबांचा पत्ताच नाही! शहाण्या माणसाला इथे तरी शंका आली असती. मी काय ताडलं? बापाने पोरांना घराबाहेर काढलं! बिचारे आजोबा, म्हणून मी चक्क रडलो.

बुधवारी संध्याकाळी सगळ्यांना घेऊन अरादला गेलो. नेल्सनच्या वडिलांना, इनासला, दारातच मिठी मारली. "इनास, आपण भाऊ!"

तो बिचारा खूश झाला. मग मी कागद पसरले. त्याचा चेहरा उतरला. "च्यायला! म्हणजे पोरांचं खलास?"

रीनाने विचारलं, "पप्पा, आर यू शुअर? हंड्रेड परसेंट?"

"कागद खोटं बोलतो का, बाळा?"

तिने नेल्सनकडे बघितलं आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. खरं सांगतो, तेव्हा मला ते रजिस्टर जाळावंसं वाटलं.

फिलूने सरळ वसईला व्हिडिओ कॉल लावला, माझ्या आईला. "आई, तुमचा लेक काय म्हणतोय ते ऐका." आणि सगळं सांगितलं.

"कायतान?" आई खो खो हसायला लागली. "अरे वेड्या, तो गावातला मोठा बागायतदार! कुणाकडेही मूल झालं की बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून त्यालाच उभा करायचे. अर्ध्या गावाचा धर्मपिता तो!"

मागून अजय ओरडला, "काका, आईबापांची नावं डाव्या पानावर आहेत! उजवीकडे धर्मपिता. तुम्हीच म्हणालात, उजवं तेवढं पाठव!"

रीना हसत हसत नेल्सनला बिलगली. इनासने मला विचारलं, "मग ती मिठी परत देऊ का?"

आता अब्रू कशी वाचवायची? मी गंभीर आवाज काढला, "बरं, मग माझ्या आजोबांच्या बापाचं नाव काय? अजय, डावं पान पाठव."

"त्याला वही कशाला लागते?" आई म्हणाली. "आपल्यात थोरल्या नातवाला आजोबाचं नाव देतात ना? तुला तुझ्या आजोबाचं दिलं. तुझ्या बापाला त्याच्या आजोबाचं. म्हणजे तुझ्या आजोबाचं पूर्ण नाव काय झालं?"

मी बोटांवर हिशोब केला. परत केला. मग गुपचूप खिशातून रेसिडेंट कार्ड काढलं. त्यावर छापलेलं होतं, सांतान पावलू लोपीस. माझं नाव. आजोबांचंही तेच, त्यांच्या बापाच्या नावासकट!

इतके दिवस मी जे वसईत शोधत होतो, ते आमच्या गोदामाच्या गेटवरचा वॉचमन रोज सकाळी वाचतो. अख्ख्या बहरीनमध्ये ते न वाचलेला मी एकटाच!