दोन दांड्यांची सायकल

रोह्याच्या बाजारातले सायकलवाले चाचा जुनी फ्रेम ओळखताना डोळे मिटतात. आमच्या गोठ्यातल्या गंजक्या फ्रेमच्या सांध्यांवरून त्यांनी असंच बोट फिरवलं आणि हसले. "वरती दोन दांडे? इलायती हाय ही. लई वर्सांनी हाताला लागली." वरच्या दांड्याचा सांधा मात्र चिरला होता. वेल्डिंगवाल्याने तिला भंगार ठरवलं होतं. त्याच दांड्यावर बसवून बाबांनी मला आमच्या वरसे गावाहून रोज शाळेत नेलं, म्हणून मी घरातला पहिला पदवीधर झालो. ती वाचावी, एवढंच मला हवं होतं.

चाचांनी पितळ वितळवून त्याचा डाग देऊन सांधा जोडला, चाकं-पायडल चढवून सायकल उभी केली. त्यांची एक रीत आहे. जोडलेल्या दांड्यावर पहिल्या फेरीला ते स्वतः बसतात. "तुटला तर मी पडंन, गिऱ्हाईक नाय."

माझ्यासोबत आलेले बाबा सीटवर चढून पायडल मारू लागले. पांढरी दाढी सांभाळत चाचा पुढे बसले. सगळा बाजार हसत होता. पुलापर्यंत जाऊन दोघं परतले.

"करकरला पन नाय," चाचा उतरत म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "बघतोस काय मास्तर? जागा तुझी हाय."

इस्त्रीच्या पँटसकट मी दांड्यावर बसलो. बाबांनी घंटी वाजवली.