बांबूतली वही

हे मी आजवर कोणालेच सांगितलं नाही. पोरीले नाही, भावाले नाही. चौथी शिकलेला माणूस आहो, अक्षर सावकाश निघते.

त्या संध्याकाळी मी आन शांता, माझी बायको, ओसरीवर तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होतो. दत्तजयंतीचा सप्ताह जवळ आला होता. ती पोथीतला अध्याय वाचे, मी मागून म्हणो. मधेच थांबली.

"अवो, खरं सांगा, कॉलेजातल्या त्या बाबूनं माझी वही तुमच्या हातातूनच घेतली होती ना?"

"मंग का हवेत सोडली म्या? किती खेपा विचारशीन?"

"चिडता काहून?" आन एक किडकी शेंग माझ्याकडे फेकली. "घ्या, हे तुमाले. तोंड तसंही कडूच हाये."

मी खोटं बोललो होतो. पण आधी पोथीचं सांगतो.

तीस वर्षं मंदिरात पोथी मीच वाचतो, गाव पाया पडते. वाचतो कायचा? आडखळत वाचणारा माणूस मी. शांता घरी वाचून दाखवे, मी पाठ करो आन मंदिरात नुसते पानं उलटवो. हे आमा दोघातच होतं.

पोरीचं लग्न झाल्यावर शांतानं घरी बसून बी.ए. करायले घेतलं. विषय इतिहास. तर कॉलेजचा नियम — विषय कोणताही असो, एक पेपर साहित्याचा आन एक लेखनाचा, सगळ्याइले सक्तीचा. नाही केला तर पदवी नाही. मले तवाच राग आला. इतिहास शिकणाऱ्या बाईले गोष्टी लिहायले कायले लावता? साहित्यात ती पास झाली. लेखनासाठी वही भरून द्यायची होती — आपल्या घरातली, कोणी कधी लिहिली नसन अशी गोष्ट.

तिनं माझी लिहिली.

वाशीमच्या कॉलेजात जमा करायले वही मलेच दिली. आमच्या इकडच्या मालेगावच्या स्टँडवर गाडीले उशीर होता, म्हणून उघडली. बोट ठेवून ठेवून वाचली. वर नाव होतं 'माझा पहिला विद्यार्थी'. थट्टा नव्हती त्यात. उलट लिहिलं होतं की हा माणूस एकदा ऐकलेलं विसरत नाही, शाळा चौथीत सुटली हे शाळेचं नुकसान. सांगा, याच्यात लाजण्यासारखं काय होतं? पण मले दिसला तो कॉलेजचा बाबू — आमच्याच गावचा जावई. तो वाचन. गावात सांगन, बुवा पोथी वाचत नाही, पाठ म्हणते.

मी वाशीमले गेलोच नाही. पिशवीत गुंडाळून वही गोठ्यात, टिनाखालच्या बांबूच्या मोळीत खुपसली. तिले म्हटलं, देली.

निकालात लेखनाचा पेपर गेला. वही आलीच नाही, असं कॉलेजवाले म्हणे. शांता विचारायले गेली, संगं मी. आन मी काय केलं? त्या बाबूवर ओरडलो — "बाईची मेहनत हरपवता, लाज नाही वाटत?" चार लोक जमले. तो बिचारा हात जोडून म्हणे, "मामाजी, खरंच आली नाही जी वही." मी थांबलो नाही. आपलंच खोटं मले तवा खरं वाटत होतं का? रस्त्यानं शांताच्या डोळ्याले पाणी आलं. म्हणे, "माझ्यासाठी इतके भांडले तुमी."

एका पेपरापायी पदवी अडली. दुसरी वही लिहायले घेतली होती तिनं, अर्धीच झाली.

तिच्या तेरवीले लोक मले म्हणे, "बुवा, बायकोले या वयात शिकवणारा माणूस तुमच्यासारखा पायला नाही." टाळकं सणकते माझं. कोणी शिकवलं कोणाले? काय पाहिलं तुमी? पण मी मान हालवली. तिथंही.

शेंगा सोलल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली नाही. हात लावला, तर गार. मले पहिले काय सुचलं असन? — आता माणसं येतीन, तिरडीसाठी बांबू काढतीन.

तिच्या अंगावरची चादरही नीट केली नाही. गोठ्यात गेलो, शिडी लावली, वही काढली. बंडीच्या आत, पोटाशी खोचली. शिडी होती तिथं ठेवली.

मंग ओसरीवर येऊन आरोळी मारली.