मॉरिशस आणि दोन कमानी

सात समुद्र ओलांडून हैदराबादला शिकायला आलेल्या माणसाने पहिल्या रविवारी काय करावं? चारमिनार बघावा. आमच्याकडच्या मॉरिशसने तो अख्ख्या शिक्षणात बघितला नाही. बसमधून दिसायला लागला की ती मान दुसऱ्या खिडकीकडे वळवायची. "त्याला बघायला सगळं जग येतं. त्याला माझी गरज नाय," म्हणायची. आणि ही मुलगी आर्किटेक्चर शिकायला आली होती, म्हणजे तिचा हट्ट किती टोकाचा ते बघा.

तिचं खरं नाव शकुंतला, पण आमच्या नल्लकुंट्याच्या गल्लीत ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. "मॉरिशस आली का?" "मॉरिशसला भात वाढ." मराठी मंडळातल्या ओळखीने ती आमच्या माडीवरच्या खोलीत राहायला आली. शहरात तेव्हा रोज एक नवी टीव्ही वाहिनी आणि एक नवा कॉम्प्युटर क्लास उगवत होता, आणि मीही अशाच एका क्लासात जाऊन अडकले होते. तिचा पणजा कोकणातून मॉरिशसला ऊस तोडायला गेलेला. चार पिढ्या घरात जपलेल्या तिच्या मराठीत वडीलधाऱ्यांसाठी 'तुम्ही' नव्हतंच. माझे बाबा रेल्वेच्या ऑफिसात हेडक्लार्क, एकदम करडा माणूस. पहिल्याच दिवशी ती त्यांना म्हणाली, "काका, तू जेवलास?" बाबांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "हौ, जेवलो की." तेव्हापासून ते तिच्या बाजूचे झाले.

येणारा-जाणारा प्रत्येक जण कौतुकाने विचारायचा, "आपली मुळं शोधायला आलीस का गं?" तिचं उत्तर ठरलेलं. "नाय. सिमेंट शिकायला आले." आणि तिला खरोखरच सिमेंटचं वेड होतं. आमच्या जिन्याला सिमेंटची जाळी होती, आजोबांनी घर बांधताना हौसेने बसवलेली. धूळ येते म्हणून आईने तिच्यावर पुठ्ठे ठोकले होते. एका दुपारी मॉरिशसने ते सगळे उपटून काढले. "अगं, काय करायलीस!" म्हणत आई धावली, पण जिन्यात उन्हाचे चौकोन पसरले होते आणि वारा इतका छान येत होता की ती तिथेच पायरीवर टेकली. "काकी, हे घर बांधणारा मॉडर्न होता," मॉरिशस म्हणाली. "तू पुठ्ठे मारून त्याला म्हातारा केलास." पुठ्ठे पुन्हा लागले नाहीत. आई दुपारचा चहा त्या पायरीवरच घ्यायला लागली.

मलाही ती ओढत न्यायची. तारनाक्याकडच्या क्वार्टर्सचे सपाट सज्जे, एखाद्या जुन्या टॉकीजचा गोलाई घेतलेला कोपरा, जिथून मी जन्मभर नाक मुरडून गेले होते तिथे ती मला उन्हात उभी करायची. एकदा चित्रांच्या प्रदर्शनाला नेलं. भिंतभर चित्र आणि त्यात गेरूच्या रंगाचे तीन पट्टे. "याचा अर्थ काय?" मी विचारलं. "तुझ्या ओढणीवर पट्टे आहेत, त्यांचा अर्थ काय?" तिने उलट विचारलं. मी ओढणीकडे बघितलं, मग चित्राकडे. त्या दिवसापासून मला चित्रं बघायला आवडतात.

शेवटच्या वर्षाला तिला जुन्या शहरासाठी एका वाचनालयाचा आराखडा करायचा होता. तिने सपाट छप्पर, खोल ओसरी, जाळीच्या भिंती आणि ओसरीत लांबलचक बाक काढला. विभागप्रमुख सरांनी एकच विचारलं, "कमान कुठे आहे?" त्या वेळी हैदराबादेत जी नवी इमारत उठे तिला खाली निळी काच आणि वर खोटी कमान असायची. कुकटपल्लीच्या अपार्टमेंटांनासुद्धा. सरांनी स्पष्ट सांगितलं, प्राचीन शहर आहे, कमान नसेल तर पास करणार नाही. आणि पास झाली नाही तर शिष्यवृत्ती संपून तिला पदवीशिवाय घरी जावं लागणार होतं.

"दोन कमानी काढ नि मोकळी हो," बाबा जेवताना म्हणाले. "तुझ्या देशात जाऊन मग काय पाहिजे ते बांध."

तिने घास ताटात ठेवला. "काका, माझ्या पणजाला जहाजात घातला तेव्हा कोणी पुसलं नाय. तो कोण, ते सायबाने ठरवलं. आता मी कोण, ते हा सर ठरवणार?" तिचे डोळे भरले होते. तिला रडताना आम्ही पहिल्यांदाच बघत होतो.

तिला नापास केलं. नाना खटपटी करून शिष्यवृत्ती आणखी एका सत्रापुरती वाढली, पण ही शेवटची संधी होती. तिने एक रेघही बदलली नाही. परीक्षेच्या दिवशी मॉडेल धरायला मी बरोबर गेले. सरांनी तोच प्रश्न विचारला, तशी तिने पिशवीतून थर्मोकोलच्या दोन सोनेरी कमानी काढल्या आणि टाचण्यांनी दर्शनी बाजूला लावल्या. सर खूश झाले. मग तिने त्या सर्वांसमोर उपटून टेबलावर ठेवल्या.

"निकाल दिया, सर. बिल्डिंग गिरी क्या?"

सर संतापले. यात हैदराबाद कुठे आहे, म्हणून ओरडले. ती आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाली, भर दुपारी या, ओसरीच्या सावलीत जो टेकलेला असेल तो हैदराबाद. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई बराच वेळ वाकून मॉडेल बघत राहिल्या. "मी तरी इथे टेकेन," त्या म्हणाल्या. मॉरिशस काठावर पास झाली आणि घरी येऊन पोटभर जेवली. त्या कमानी आईने टाकू दिल्या नाहीत. त्या वर्षी आमचा गणपती त्यांच्याच मखरात बसला.

बेगमपेटच्या विमानतळावर बाबा म्हणाले, "तुझा चारमिनार राहिला की गं." "राहू दे काका," ती म्हणाली आणि वाकून त्यांच्या पाया पडली. आधी पत्रं यायची, मग नुसती कार्डं, मग तीही थांबली. मला तिची फार आठवण येते. कॉम्प्युटर क्लास सोडण्याइतकी शूर मी झाले नाही, पण मला बघायला आलेल्या मंडळींनी गाणं म्हण म्हटलं तेव्हा "नाही म्हणणार" एवढं सांगितलं. आईने कपाळाला हात लावला. बाबा हळूच म्हणाले, "बिल्डिंग गिरी क्या?"

पुढे बाबांचे गुडघे गेले आणि घर बिल्डरला द्यायचं ठरलं. बिल्डरने नकाशा उलगडला. जिन्याला सिमेंटची जाळी हवी, असं बाबांनी आधीच बजावलं होतं, ती होती. पण दर्शनी बाजूला वरपर्यंत दोन भल्या मोठ्या कमानी होत्या. बाबांनी माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि दोन्हींवर फुली मारली.

"ये नक्को."

"साब, कमान के बगैर हैदराबादी लुक कैसा आता?" बिल्डर काकुळतीला आला.

"लुक कायकू होना जी?" बाबा म्हणाले. "हम रैते ना यहाँ."