आधी नाव, मग काठी

कडीवाले चाचा चोर हाती लागला की आधी त्याच्या छातीवर गुडघा रोवायचे आणि मग दारात आलेल्या पाहुण्याला विचारावं तसं शांतपणे विचारायचे, "नाव काय बाबा? गाव कोणतं? कुणाकडं आलास?" खाली पडलेल्याचा जीव घुसमटलेला, तो काय कपाळ उत्तर देणार! पण उत्तर मिळाल्याशिवाय चाचा कुणाला काठी उगारू देत नसत. मला त्यांच्या या चौकशीचा भारी राग यायचा.

चाचा आमच्याच गावचे, औशाकडचे. लोहारकाम करायचे. भूकंपात गाव भुईसपाट झालं, त्यात त्यांची बायको गेली आणि भट्टीचा भाताही दगडांखाली गाडला गेला. उरलेले आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहायला आलो. मदतीच्या गाड्या आल्या, त्यांच्या मागोमाग चोरही आले. शेडचं दार म्हणजे नुसता एक पत्रा. एकट्या बायका, म्हाताऱ्या भर दुपारी लुटल्या जाऊ लागल्या. एकीच्या कानातली फुलं तर पाळीसकट ओरबाडून नेली. ते पाहिल्यावर चाचांनी ढिगाऱ्यातलं लोखंड उपसून कड्या घडवल्या आणि प्रत्येक एकट्या बाईच्या शेडला आतून बसवून दिल्या. वर बजावलं, "कुणी आलं की दगड घ्यायचा अन् पत्र्यावर हाणायचा. समदी वस्ती धावून आली पायजे."

वस्ती धावायची, आणि आधी मारायची. तेव्हा चाचाच सगळ्यात पुढं असत. "चोराला बोलू दिलं की तो पळतो," हे त्यांचं त्या वेळचं म्हणणं.

एक दिवस पडक्या गावाच्या बाजूनं पत्रा वाजला. एक माणूस दगड उपसत होता. अंगभर धूळ, हातात बाईमाणसाची चांदीची पाटली. आणखी काय पुरावा हवा? आम्ही त्याला तुडवला. मी नुकताच शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो. माझी काठी त्याच्या पाठीवर मोडली. तो काहीतरी ओरडत होता, पण आमच्या शिव्यांत ते कुणाच्या कानावर गेलं नाही. पाटली सोडेना म्हणून चाचांनी त्याच्या मनगटावर पहार घातली. हाड मोडल्याचा तो आवाज मी अजून विसरलेलो नाही.

मग एका म्हातारीनं पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि ती किंचाळली, "अरं मुडद्यांनो, ह्यो आपला भानुदास हाय!" भानुदास दहा वर्षांपूर्वी कामासाठी हैदराबादला गेला होता. बातमी ऐकून तो परत आला आणि एस्टीतून उतरून थेट आपल्याच घराचे दगड उपसायला लागला. पाटली त्याच्या मेलेल्या आईची होती.

त्याची मूठ पुन्हा कधी मिटली नाही. चाचांनी मनगटात अडकेल असं कडं बसवलेलं खुरपं त्याला घडवून दिलं. त्यानं ते घेतलं, वापरलं, पण चाचांशी तो जन्मात बोलला नाही. तेव्हापासून गस्तीला निघणाऱ्या प्रत्येकाला चाचा एकच सांगत, "आधी नाव, मंग काठी. मी इचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं की."

पुढं माझी लातूरला बदली झाली आणि चाचाही लेकाकडं आमच्याच गल्लीत राहायला आले. कोचिंगचा जमाना सुरू झाला होता. ज्या त्या म्हातारीनं माडी भाड्यानं द्यायला काढलेली. "लेकरासाठी खोली पाह्यजे," असं कुणीही म्हणावं, की दार उघडलंच. चोरांचं आयतंच फावलं. चाचांनी पुन्हा कड्या बसवल्या आणि सिमेंटच्या घरांत दाराआड पत्र्याचा एकेक तुकडा टांगला. पोरं वर्गाला गेली की चार पेन्शनरांना घेऊन ते दुपारची गस्त घालत. रविवारी मीही जाई. लोक हसायचे, "चाचा, इथं कुठला भूकंप?" चाचा म्हणायचे, "चोर काय भूकंपाला इचारून येतो व्हय?"

एका रविवारी शेजारच्या गंगाबाईंचा पत्रा वाजला. चाचा माझ्या आधी पोचले. दोघंजण दारातून बाहेर पडत होते. चाचांची काठी वर गेलेली मी पाहिली. ती खाली आली नाही. "नाव काय बाबा? गाव..." एवढ्यात त्यातल्या एकानं त्यांच्या पोटात सुरा खुपसला आणि दोघंही बोळातून पळाले.

बोळाच्या तोंडाशी पिशवी घेतलेला एक माणूस लोकांच्या हाती लागला. "ह्यो तिसरा!" कुणीतरी ओरडलं. लोकांनी त्याला लाथा घातल्या, त्याचं डोकं भिंतीवर आपटलं. चाचांना ओट्यावर टेकवताना माझे हात त्यांच्या रक्तानं भरले होते. खोटं कशाला बोलू, मला त्याला ठार मारायचं होतं. मी काठी उगारली. मागून, ओट्यावरून, चाचांचा आवाज आला, "मास्तर, नाव इचारलं का?"

मी लोकांना ढकलून त्याच्यावर वाकलो आणि दात खाऊन विचारलं, "नाव काय? गाव कोणतं? कुणाकडं आलास?"

"मारोती," तो तोंडातलं रक्त गिळत म्हणाला. "जळकोटचा. पोरीसाठी खोली बघाया आलो. मास्तरांकडं."

गल्लीत मास्तर मी एकटाच होतो.

चाचांच्या कानाशी जाऊन मी सांगितलं, "पाहुणा होता चाचा. माझ्याकडंच आला होता."

"मंग त्याला पानी दे," ते म्हणाले. दवाखान्याच्या वाटेवरच ते गेले.

मारोतीची मुलगी दोन वर्षं आमच्या माडीवर राहिली. मला चाचांचा राग अजूनही येतो. त्यांनी आधी काठी घातली असती, तर ते आज असते. पण मारोती अधूनमधून भेटायला येतो, त्याच्या भुवईवरची खूण दिसते, आणि तो राग कुणापुढं मांडावा ते मला कळत नाही. मी आत जाऊन त्याच्यासाठी पाणी घेऊन येतो.