आधी घुसणारा 'इ'

आमच्या चौबे कॉलनीतले शेजारी मंत्रालयात बाबू. आमचं राज्य नव्यानं वेगळं झालं, इंग्रजी बोलणारे साहेब आले, आणि हे बाबू रोज सकाळी मोगऱ्याला पाणी घालताना 'स्कूल, स्टेशन, स्टाफ' घोकू लागले, पण तोंडून 'इस्कूल, इस्टेशन'च निघायचं. मी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून कुंपणावरून विचारायचे, "ताई, तो 'इ' आधीच काहून घुसून राहिला?" मी सांगायची, "आधी सापासारखं स्स्स करा, मग बोला." ते खरंच करायचे आणि त्यांची मांजर पळून जायची. सहा महिन्यांत त्यांचं 'स्कूल' माझ्याइतकं स्वच्छ झालं.

गणपतीत माझ्या लेकीनं स्टेजवर इंग्रजी भाषण सुरू केलं आणि घाबरून 'माय इस्कूल' म्हणाली. पोट्टे खिदळले. ती भाषण सोडून मागे सरकू लागली. मी मान खाली घातली. इंग्रजीच्या बाईंची मुलगी ना! तेवढ्यात पहिल्या रांगेतून शेजारचे बाबू उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "व्हेरी गुड इस्पीच, बेटा! फिरसे इस्टार्ट करो!" सगळं हसू त्यांच्याकडे वळलं. लेक धीरानं बोलू लागली.

खाली बसल्यावर त्यांनी मागे वळून मला हळूच विचारलं, "स्पीच. येते ना आता मले, ताई?"