सात कुठनं आलं?

सोलापुरात माझी गणिताची शिकवणी आहे आणि तिचे पेपर मी गेली कित्येक वर्षं एकाच बाईंकडून टाइप करून घेतो. समीकरण टाइप करताना त्या ते ओठांतल्या ओठांत म्हणतात. आकडे मात्र घरच्या तेलुगूत. कंस पूर्ण झाला की स्वतःशीच मान हलवतात. त्यांच्या हातून एखादं चिन्ह सुटल्याचं मला आठवत नाही.

एकदा सराव परीक्षेच्या सकाळी पेपर आणायला गेलो, तर नवव्या प्रश्नाची जागा कोरी होती.

"ताई, हे काय? तासाभरात पोरं बसतील परीक्षेला."

"ते गणित चुकलंय की, सर."

"तुम्ही फक्त टाइप करा हो," मी चिडून म्हणालो.

त्यांनी माझाच कागद पुढे सरकवला. प्रत्येक संख्येला एक ठरलेली किंमत, म्हणजे तिचं फल. दोन संख्यांच्या बेरजेचं फल म्हणजे त्यांच्या फलांची बेरीज. एकचं फल तीन, दोनचं सात. तर दहाचं किती, असा प्रश्न होता.

"एक आणि एक दोन," त्या शांतपणे म्हणाल्या. "मग तीन आणि तीन सहा. सात कुठनं आलं? एखादी हुशार पोरगी यातच अडकून बसंल, सर. पुढची गणितं राहतील तिची."

मी खाली बसलो आणि साताचे सहा केले. त्यांनी लगेच प्रश्न टाइप केला.

"गणित कुठं शिकलात?" मी विचारलं.

"तुमचेच पेपर टाइप करून की."

आता ताईंना टाइपला पेपर देताना मी पूर्वीसारखी उत्तरं जोडत नाही; गणितं आधी त्याच सोडवतात. त्यांचं उत्तर माझ्या उत्तराशी जुळलं, तरच तो प्रश्न पोरांपुढे ठेवतो.