कागदी बर्फाचा हिवाळा

माझी मुलगी चिमणी ज्या पाळणाघरात वाढली, ते एका सलूनला चिकटून होतं. मधे फक्त एक दार. अलीकडे काका लोकांचे केस कापायचे आणि पलीकडे मावशी आठ-दहा पोरं सांभाळायच्या. दोघं नवरा-बायको, काका-मावशी ही नावं मुलांनी दिलेली, तीच पुढे आम्हा आईबापांच्याही तोंडी बसली. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. मावशींनी दुसऱ्यांच्या लेकरांनी घर भरून टाकलं होतं. काकांनी मात्र मधलं दार ओढून घेतलं होतं. त्यांना मुलं आवडत नसत असं नाही, पण मुलांशी काय बोलायचं हेच त्यांना कळत नसे. मोठ्यांशी तरी कुठे बोलत? ‘मागून बारीक?’ आणि ‘पुरे?’ एवढ्या दोन प्रश्नांवर त्यांचा सगळा धंदा चालला होता.

त्या हिवाळ्यात बर्फ लवकर पडला आणि पायरीवर गोठून बसला. दूध आत घ्यायला म्हणून मावशी बाहेर आल्या, पाय सटकला आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. घरी आणून त्यांना आतल्या खोलीत, पलंगावर ठेवलं. आमच्या मात्र तोंडचं पाणी पळालं. मी टपाल कचेरीत काम करते, बाकीच्याही सगळ्या नोकरीवाल्या. भर हिवाळ्यात मुलांना ठेवायचं कुठे?

काकांचं म्हणणं सरळ होतं, की बरी होईपर्यंत पाळणाघर बंद. मावशींनी उशीवरूनच मान हलवली.

“आत्ता बंद केलं ना, तर पुन्हा उघडायची माझी हिंमत व्हायची नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही बसा त्यांच्यात.”

काकांनी बाहेर जाऊन सलूनच्या दारावर पाटी लावली : दुकान दुपारनंतर उघडेल. आम्ही आयांनी आळीपाळीने एकेक सकाळ मदतीला यायचं ठरलं; दुपारी मुलं झोपली की काका मधलं दार उघडं ठेवून केस कापत. म्हणून पुढचं बरंचसं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

पहिल्या आठवड्यात पोरांनी त्यांच्या नाकी नऊ आणले. बाहेर भुरभुर बर्फ, गार वारा, त्यामुळे अंगणात सोडायची सोय नाही. सगळी काचेला नाकं चिकटवून बसत आणि बाहेर जायचं म्हणून घर डोक्यावर घेत. माझी चिमणी तर आतल्या दाराशी फतकल मारून मावशींच्या नावाने भोकाड पसरायची. मावशींना मुलांचा धक्का लागू नये म्हणून ते दार बंद ठेवलेलं असे. काकांनी गोष्ट सांगून पाहिली, ती दोन वाक्यांत संपली.

शेवटी एके सकाळी त्यांनी सलूनमधून आपली कात्री आणली. एक कागद घेतला, घडीवर घडी घातली आणि मुलांना म्हणाले, की बाहेरचा बर्फ आत येणार नसेल तर आपण आतच करू. पोरं गप्प झाली. काकांची कात्री फार सुंदर चालायची, बोटांतल्या बोटांत कुजबुजल्यासारखी. त्यांनी कागदाची एक कड वरपासून खालपर्यंत सफाईने उतरवली, दुसरीही उतरवली, आणि मोठ्या ऐटीत कागद उलगडला. हातात कागदाच्या सुट्या चिंध्या आल्या आणि जमिनीवर पडल्या.

“काका, तू फाडलंस,” चिमणी म्हणाली. रडणं ती विसरली होती.

मुलं खिदळली. काकांनी दुसरा कागद घेतला, त्याचंही तेच झालं. तेवढ्यात बंद दारामागून मावशींचा आवाज आला, “अहो, घडीची कड अख्खी कापलीत ना? केस नाहीत ते, सरळ करायला.”

अपघातानंतर त्यांचा असा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. काकांनी कागद उचलले आणि दार उघडून आत गेले. मागोमाग सगळी वरात. काकांनी मुलांना पलंगापासून हातभर लांब, भिंतीला टेकवून बसवलं. मावशींनी निजल्या निजल्याच दाखवलं : कागद चौकोनी घ्यायचा. कोपऱ्याला कोपरा लावून त्रिकोण करायचा, मग तो पुन्हा अर्धा. आता आइस्क्रीमचा कोन वळावा तशी त्याला मधल्या टोकापासून तीन पदरांची घडी घालायची आणि वरची शेपटं कापून टाकायची. मग दोन्ही कडांना बारीक बारीक खाचा मारायच्या, पण खाचेला खाच भेटू द्यायची नाही. “थोडी घडी शिल्लक राहिली पाहिजे,” त्या म्हणाल्या. “तिच्यावरच तर सगळं धरून असतं.”

काकांनी कापलं, हळूच उलगडलं. सहा पाकळ्यांचा, जाळीदार बर्फाचा कण. पोरांच्या तोंडून एक लांब ‘हाऽऽ’ निघाला. काकांनी तो उजेडाकडे धरला आणि स्वतःच बघत राहिले.

मग रोज तोच उद्योग. इतक्या पदरांतून लहानग्यांच्या बोथट कात्र्या जाईनात, म्हणून मी घरून कॉफी गाळायचे गोल कागद नेले. ते मुळातच गोल आणि पातळ, दोन-तीन घड्या घातल्या की पुरे. त्यावर निळ्या रंगाचे थेंब टाकले, की रंग आपोआप पसरत जाई. ज्यांना कात्री धरताच येत नव्हती, ती आइस्क्रीमच्या तीन काड्या एकमेकींवर आडव्या चिकटवून टोकांना कापसाचे गोळे लावत. सगळ्यांत भारी युक्ती काकांची. गिऱ्हाइकाच्या मानेभोवती गुंडाळायची कागदी पट्टी असते, तिचे लहान-मोठे वळसे करून ते पाकळीसारखे चिकटवत. डिंक अंगावर सांडू नये म्हणून मुलांना सलूनची कापडं बांधलेली. एकदा एक गिऱ्हाईक चुकून पाळणाघरात डोकावलं आणि एवढीशी माणसं मानेला कापड बांधून रांगेत बसलेली पाहून, आपला नंबर कधी लागेल, असं विचारून गेलं.

काका बोलूही लागले होते. फार नाही. पण ‘बघू तुझा’ आणि ‘अरे वा’ एवढी भर पडली होती.

मावशींचं मात्र काही खरं नव्हतं. व्यायाम करून घेणारी बाई यायची, वॉकर पुढे करायची आणि मावशी आज नको, उद्या, म्हणून भिंतीकडे तोंड फिरवायच्या. दुखणं होतंच, पण त्याहून जास्त भीती होती. पुन्हा पडले तर, हे त्यांच्या मनात घट्ट बसलं होतं. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन बजावलं, की आता चालल्या नाहीत तर पुढे चालणं अवघड होईल.

दुसऱ्या दिवशी काकांनी एक विचित्रच केलं. मुलांनी मावशींच्या खोलीत टांगलेले सगळे कण त्यांनी एकेक करून काढले आणि पुढच्या खोलीतल्या मोठ्या खिडकीत नेऊन लावले. पलंगावरून ती खिडकी दिसत नसे. मुलांना सांगितलं, इथून पुढे सगळे तिकडेच लावायचे.

मावशी भडकल्या. “माझ्या डोळ्यांसमोरचं तेवढं सुद्धा बघवेना तुम्हाला?”

“बघायचे असतील तर तिकडे चल,” काका म्हणाले. “मी आहे बरोबर.”

त्या दिवशी त्यांचं जेवणाचं ताट तसंच परत आलं. मला काकांचा राग आला आणि मी तो बोलूनही दाखवला. आजारी माणसाशी असं वागतात का? काका कात्री पुसत होते. म्हणाले, “ती पडली तेव्हा मी आत झोपलेलो होतो. आता मी जागा आहे. पण हे तिला कसं सांगायचं, मला कळत नाही.”

मी मावशींना त्यांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

चारेक दिवस गेले. खिडकी भरत चालली होती. मुलं आत जाऊन वर्णनं करत, आज निळा लावला, आज चष्मेवाल्या पोराने केवढा मोठा केला, चिमणीचा मधेच फाटला पण तरी छान दिसतो. मग एका सकाळी, ऊन पडलं होतं तेव्हा, आतून वॉकरची टकटक ऐकू आली. काका ताडकन उठले. मावशी दारात उभ्या होत्या, घामेजलेल्या, ओठ आवळलेले. काका त्यांच्या पाठीशी जाऊन उभे राहिले. हात लावला नाही, पण हात तयार ठेवले. कुणी न सांगताच मुलांनी जमिनीवरचे कागद, काड्या, सगळं बाजूला सारून वाट करून दिली.

खिडकीपर्यंत पोचायला मावशींना बराच वेळ लागला. काचेतून आलेल्या उन्हाने त्या सगळ्या जाळ्यांच्या सावल्या भिंतीवर, जमिनीवर, पोरांच्या अंगावर पडल्या होत्या. मावशी बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “तो कोपऱ्यातला वाकडा कुणाचा?”

“माझा,” काका म्हणाले.

“वाटलंच,” म्हणत त्या खुर्चीत बसल्या आणि हसल्या.

वसंत येईपर्यंत मावशी काठीवर आल्या. पाळणाघर चालू राहिलं. सलूनची ती पाटीही तशीच राहिली, कारण सकाळी काका मुलांत असतात. चिमणी आता शाळेत जाते. परवा संध्याकाळी कामावरून येताना ती दोघं रस्त्यात दिसली. मावशी दर चार पावलांवर थांबून कुणाशी ना कुणाशी बोलत होत्या आणि मागे काका भाजीची पिशवी घेऊन उभे होते. मी विचारलं, कुठे निघालात? काकांनी मावशींकडे बोट दाखवलं.

“विचार हिला,” ते म्हणाले. “मी नुसता मागे आहे.”